जिन्याखालचा कठडा

मी कठडा बोलतोय. लोखंडी, साडेआठ फुटी, हिरव्या रंगाचा. आवाज जरा गंजलाय, चालवून घ्या.

वेल्डरनं मला घडवलं ते मास्तरांच्या नव्या घरासाठी. गच्चीला तीन बाजूंनी भिंत होती, गल्लीकडची बाजू उघडी. ती माझी जागा. पण बसवायला नेलं तर मी चार बोटं लांब भरलो! वेल्डर ओशाळून म्हणाला, "रविवारी मशीन आणतो, कापून देतो." मास्तर म्हणाले, "मी घरी असल्याशिवाय हात लावू नका. माप पुन्हा चुकायचं." तोवर मला जिन्याखाली उभं केलं.

त्याच आठवड्यात मास्तरांच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, दर शनिवारी होणाऱ्या धर्मग्रंथाच्या वाचनात माझा उतारा आला. हो, यहुद्यांच्या धर्मग्रंथात माझ्यासाठी खास आज्ञा आहे. नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर. नाहीतर कोणी पडलं, तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर. मला वाटलं, चला, आता काही आपण फार दिवस इथं राहत नाही.

त्या उताऱ्यावर बोलायचं होतं मास्तरांनाच. जिन्यात येरझारा घालत ते तयारी करत, म्हणून मला सगळं पाठ आहे. "कठडा म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. जिभेला कठडा हवा, रागाला हवा. आपल्यामुळे दुसऱ्याचा तोल जाऊ नये, हाच रोजच्या जगण्याचा धडा."

भाषण लोकांना फार आवडलं. मग दर रविवारी कुठून ना कुठून बोलावणं येऊ लागलं. वेल्डर दोनदा येऊन हात हलवत परत गेला.

मास्तरांची बायको एकदा म्हणाली, "अहो, सगळ्या जगाच्या जिभांना कठडे बसवून झाले असतील तर आता आपल्या गच्चीचं बघा की."

मास्तर खळखळून हसले आणि ते वाक्य त्यांनी वहीत उतरवून घेतलं. पुढच्या भाषणात त्यावर टाळ्या पडल्या म्हणे.

एका दुपारी वारा होता. मास्तरांची बायको गच्चीवर वाळलेली मोठी चादर घडी करत होती. दोन्ही हात अडकलेले, पाठ गल्लीकडे. घडी ताणत ताणत ती मागे सरकत गेली. खाली मास्तर रविवारच्या भाषणाची टिपणं काढत होते. आधी आवाज मी ऐकला, मग त्यांनी. दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली.

आठ-दहा दिवसांनी वेल्डर आला. मला कापायला पाच मिनिटं लागली, बसवायला वीस. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही नाही म्हणालात तरी मी ऐकायला नको होतं."

आता मी माझ्या जागेवर आहे. कपडे खालीच वाळतात, गच्चीवर कोणी फिरकत नाही. फक्त मास्तर रोज सकाळी येतात आणि मला दोन्ही हातांनी धरून जोरजोरात हलवतात. मी जरासुद्धा हलत नाही. माझा मलाच संताप येतो.

यंदा वाचनात तो उतारा परत आला. सगळ्यांनी मास्तरांना बोलायचा आग्रह केला. ते उभे राहिले, म्हणाले, "जे लिहिलंय तेवढंच करा," आणि खाली बसले. त्या दिवशी घरी आल्यावर कपडेही न बदलता ते वर आले आणि माझ्याशेजारी अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

तुमच्याही जिन्याखाली माझा कुणी भाऊबंद उभा असेल, तर हात जोडतो, त्याला आजच वर न्या. अर्थ मागाहूनही सांगता येतो.