लैसच्या आईचं माप

रुदैनाने लाकडी साचा ओट्यावर आपटला आणि खजूर भरलेला मामूल, ईदचं रव्याचं बिस्कीट, बाहेर पडला. पाळण्यातला तिचा तान्हा कैस दचकला.

"हळू की गं," सासू म्हणाली. "फुटेल साचा."

"फुटू दे."

गेल्या ईदला तिने असेच मामूल केले होते, नवऱ्याच्या, नायेफच्या, सीमेवरच्या चौकीसाठी. मोबाइलवर सैनिकांच्या बायकांचा गट होता. अकरा जणांना रवा किती लागेल, असं तिनेच तिथे विचारलं. गटात 'लैसची आई' या नावाने असलेल्या एकीने लगेच रव्या-तुपाचं माप सांगितलं. वर मायेने विचारलंही, "गाडी कधी, कुठून जाते गं? ताजे पोचायला हवेत." रुदैना सांगून बसली: गुरुवारी, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर, जुन्या विहिरीच्या रस्त्याने.

त्याच रस्त्यावर नशेच्या गोळ्यांच्या तस्करांनी गाडी उडवली. डबा नायेफच्या मांडीवर होता.

गटातल्या बायका ढसाढसा रडल्या. लैसच्या आईने मात्र तिसऱ्याच दिवशी विचारलं, "आता चौकीवर किती जण उरले गं?"

रुदैना वाचत राहिली. मग तिने फोन दिराच्या हातात दिला. मुतलकही फौजेतच होता.

"वहिनी, हिला तोडू नका. लाडात ठेवा."

तिने ठेवलं. कैसला दात आला तेही कळवलं, आणि नंतर साबणाने हात घासघासून धुतले. सासूला यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलाचा जीव आपल्याच बोटांनी लिहिलेल्या निरोपाने गेला, हे म्हातारीला सांगायची रुदैनाची छाती झाली नाही.

आज तिने मामूलचा फोटो पाठवला. "पुन्हा डबा पाठवतेय."

"माझी गुणाची बाई ती! किती जणांसाठी? गाडी कधी?"

"चौघंच उरलेत. गुरुवारी. नेहमीच्याच रस्त्याने." चौघं मुतलकने सांगितले होते. टेकडीमागे चाळीस जवान दबा धरून बसणार होते.

गुरुवारी सूर्य मावळायच्या आधी त्याचा फोन आला. "सहा धरले, वहिनी. तो फोन एकाच्या खिशात सापडला. हातभर दाढी आहे तुमच्या लैसच्या आईला!"

रुदैना हसली नाही. "मामूल कुठायत?"

"गाडीत. पोरं टपलीत त्यांच्यावर."

"खाऊ द्या. एक तेवढा त्याच्या तोंडात कोंबा, भावजी. सांगा, तूप तुझ्याच मापाने घातलंय. आणि गिळेपर्यंत त्याला नायेफचा फोटो दाखवत राहा."