वर्गनियंत्रणाचे गुण

अध्यापक महाविद्यालयात बाईंना मागून सगळे 'कात्री' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. सराव पाठाच्या वर्गात त्या शेवटच्या बाकावर बसल्या, मांडीवर निरीक्षण पत्रक ठेवलं आणि पेनाचं टोपण काढलं, की फळ्याशी उभ्या असलेल्या छात्राध्यापकाच्या हातातला खडू आपोआप मोडायचा. मार्क कापायला त्यांना दोन मिनिटं पुरत. तोंडावर मात्र कोणी ब्र काढत नसे, कारण त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस पुढे कुठल्याही वर्गात टिकतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षीच्या तुकडीत एक जण इतरांपेक्षा वयाने बराच मोठा होता. कानापाशी केस पिकलेले, खांदे दाराच्या चौकटीएवढे. आधी तो तुरुंगात पहारेकरी होता. नोकरी करता करता गणिताची पदवी घेतली, मग नोकरीच सोडली आणि मास्तर व्हायला आला. बरोबरची पोरं त्याला 'जेलर' म्हणत. तोही हसून ओ द्यायचा.

जेलरचा पहिला पाठ बाईंनी पाहिला तेव्हा नववीच्या त्या वर्गात नुसता बाजार भरला होता. कागदाचे बाण उडत होते, मागचा एक जण चक्क झोपला होता, आणि हा गृहस्थ फळ्याशी उभा राहून मंद हसत होता. पाठ संपल्यावर बाईंनी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"पाठाचं टाचण उत्तम. फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. पण उपयोग काय? पोरं तुमच्या डोक्यावर मिऱ्या वाटतायत आणि तुम्ही हसताय."

"हो बाई."

"हो काय? देवाने एवढा देह दिलाय, कधी वापरणार? एकदा आवाज चढवा की."

जेलर खाली बघत म्हणाला, "चढवता येतो बाई. इतकी वर्षं माणसं गप्प बसवण्याचंच काम केलं. ते इथे आणायचं नाही असं ठरवलंय."

"मग मार्कांवर पाणी सोडा. पुढच्या पाठाला हा वर्ग मला तुमच्या मुठीत दिसला पाहिजे."

जेलर मान हलवून गेला.

पुढचा पाठ मात्र वेगळा निघाला. जेलरने घरून प्रत्येक बाकासाठी कागदाची वर्तुळं कापून आणली होती. त्याच्या लेकीने कापली होती म्हणे, म्हणून कडा जरा वेड्यावाकड्या होत्या. पोरांनी वर्तुळात जीवा काढायची, कागद दुमडायचा आणि केंद्रातून टाकलेला लंब जीवेला बरोबर मधोमध कापतो का, ते स्वतः पाहायचं. पोरं कामाला लागली. जेलर बाकांमधून फिरत होता, वाकून बघत होता, कुणाच्या पाठीवर थाप मारत होता. बाईंनी 'प्रश्न नेमके' असं लिहिलं, खाली 'विद्यार्थी सहभाग चांगला' असंही लिहिलं. कात्रीच्या हातून एवढं मिळणं म्हणजे बक्षीसच.

खिडकीजवळ दोन पोरं एका बाकावर होती. एक ताडमाड, त्याला वर्ग लंबू म्हणायचा. दुसरा गोल गुबगुबीत, तो बटाट्या. लंबूच्या हातून कागद चुकीचा दुमडला. बटाट्या फिदीफिदी हसला आणि म्हणाला, "तुला घडी घालता येत नाही? तुझ्या आईला विचार ना! अरे हो, ती तर स्वतःच्याच कपड्यांची घडी घालून पळाली!"

दोन बाकं हसली.

लंबूने समोरचं कर्कटक उचललं आणि बटाट्याच्या बाकावरच्या हातात खुपसलं. अंगठा आणि बोट यांच्यामधल्या कातड्यातून टोक आरपार लाकडात गेलं. बटाट्याला आधी कळलंच नाही. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. मग लंबूने ते उपसलं आणि बटाट्या किंचाळला. दुसरा वार कानावर बसला, कान खालून फाटला. पांढऱ्या शर्टाची कॉलर बघता बघता लाल झाली. आसपासची पोरं बाकांवरून उड्या टाकत भिंतीकडे पळाली. एक मुलगी पडली, तिच्या हातावर कुणाचा तरी बूट पडला.

जेलर वर्गाच्या दुसऱ्या टोकाला होता. तो बाकांवरून पाय टाकतच आला. लंबूने वळून त्याच्यावरही वार केला. कोपरापासून मनगटापर्यंत रक्ताची रेघ उठली. जेलरने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पोराच्या मागे गेला, उजवा हात गळ्याभोवती टाकला, डाव्याने मनगट पकडलं आणि आवळलं.

कर्कटक खाली पडलं. भांडण तिथेच संपलं होतं.

बाई तोवर उठून जवळ आल्या होत्या. त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं. लंबूचे दोन्ही हात रिकामे होते. उघड्या तळव्याने तो जेलरच्या हातावर थापट्या मारत होता. कुस्तीत हरलेला मारतो तशा. म्हणजे सोडा, झालं, हरलो. त्याचे ओठ काळेनिळे पडत होते. आणि जेलरचा चेहरा शांत होता. धान्याच्या पोत्याचं तोंड बांधताना माणसाचा असतो तसा.

"सोडा त्याला!" बाई ओरडल्या.

हात सुटला नाही.

"अहो, सोडा! मरेल तो!"

लंबूच्या टाचा फरशीवर ताडताड आपटत होत्या. मग त्या आपटायच्या थांबल्या.

बाईंनी बाकावरची पाण्याची स्टीलची बाटली उचलली आणि जीव खाऊन जेलरच्या कानशिलावर हाणली. ठण्ण आवाज झाला. त्याने न बघता डावा हात मागे झाडला. बाई उडून बाकाच्या कडेवर आदळल्या, मनगटात काडकन काहीतरी मोडलं आणि डोळ्यांपुढे अंधार आला. त्या पडता पडता विव्हळल्या. तो आवाज ऐकून म्हणा किंवा आणखी कशाने, जेलरने मिठी उघडली.

पोरगं ओल्या धुण्यासारखं खाली पडलं.

जेलर गुडघ्यावर बसला. त्याने पोराला उताणं केलं, हनुवटी वर केली, नाक दाबून तोंडात श्वास फुंकला, छातीवर तळवे रोवून दाब दिला, पुन्हा फुंकला. कुठे गडबड नाही, कुठे थरथर नाही. भिंतीला टेकून बसलेल्या बाईंच्या मनात त्या कळांमधूनही एक गोष्ट आली: हे हात हे काम पहिल्यांदा करत नाहीत.

लंबू खोकला. ओकला. मग घशातून कर्र आवाज काढत श्वास घेऊ लागला.

मुख्याध्यापक धावत आले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: रक्ताने भरलेला बटाट्या, जमिनीवर कर्कटक, रक्त ठिबकणारा जेलरचा हात, आणि त्या हातावर मान टेकलेला लंबू. त्यांनी जागच्या जागी निकाल देऊन टाकला.

"सर, तुम्ही होतात म्हणून! नाहीतर आज या शाळेत मुडदा पडला असता!"

"पडलाच होता," बाई म्हणाल्या. पण गोंगाटात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

बटाट्याला दवाखान्यात हलवलं. बाईंच्या मनगटाला शिपाईमामांनी लाकडी पट्टी लावून रुमालाने बांधलं आणि गाडी येईपर्यंत मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवलं. समोर स्टुलावर लंबू होता. त्याच्या गळ्यावर जाड लाल पट्टा उमटला होता. थुंकी गिळताना तो डोळे मिटत होता. जेलर दाराशी उभा होता.

लंबूचा बाप बेकरीतल्या भट्टीवरून तसाच आला. केसांत पीठ, बनियन घामाने चिकटलेली. तो आत आला आणि कुणाला काही न विचारता पोराच्या थोबाडीत मारली. स्टूल कलंडलं. पोरगं खाली पडलं, तर बापाने लाथ घातली, बरगडीत, मग पुन्हा.

"कार्ट्या! पोरांना भोसकतोस? आईवर गेलास!"

"अहो, अहो, इथे नको," मुख्याध्यापक म्हणाले.

इथे नको. बाईंनी ते शब्द ऐकले. त्या उठल्या, बाप आणि पोर यांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि मोडलेला हात छातीशी धरून म्हणाल्या, "आता मला मारा."

बाप ओशाळला. मागे सरकला. मग त्याची नजर जेलरकडे गेली, आणि त्याने दोन्ही हात जोडले. "साहेब, तुमचे उपकार झाले. पण लवकर सोडलंत. अजून थोडा आवळायचा होता. आमच्याने घरी होत नाही, आता तुम्हीच याला वळण लावा."

जेलर वळला, व्हरांड्यातल्या बेसिनपर्यंत कसाबसा पोचला आणि पोटातलं सगळं बाहेर काढलं.

गाडी आली तेव्हा तो बाईंना फाटकापर्यंत सोडायला आला. बाईंची पिशवी त्याने खांद्याला लावली होती.

"पत्रकात काय लिहिणार बाई?"

"पाहिलं ते."

"मुख्याध्यापक म्हणतायत, वर्गनियंत्रणाचे पैकीच्या पैकी मिळायला हवेत." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "घरी लेक वाट बघत असेल. वर्तुळं पोरांना आवडली का, ते विचारेल."

बाई थांबल्या. "मला एक सांगा. मी ओरडत होते, ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

तो म्हणाला, "पहिल्या हाकेलाच आलं होतं."

"मग?"

"लोक म्हणतात ना, भान राहिलं नाही? तसं नव्हतं बाई. भान होतं. हात सुटत होता, मीच सोडला नाही. इतके दिवस हसून हसून सगळं गिळलं होतं. आवळल्यावर बरं वाटलं. खूप बरं वाटलं."

बाईंनी विचारलं, "याच्या आधी कधी?"

"तुरुंगात. एक जण ताट फेकायचा. त्याच्याही छातीवर दाब दिले, तोंडात फुंकलं. तो उठला नाही. साहेबांनी लिहिलं, हृदय बंद पडलं. माझी पाठ थोपटली, वर रजा दिली. आज या बापाने हात जोडले आणि मला ती थाप आठवली."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. जेलरने पिशवी गाडीत ठेवली.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, वर्ग मुठीत दिसला पाहिजे," बाई म्हणाल्या.

"तुम्ही म्हटलं होतं. पण गळा तुम्ही नाही धरलात." त्याने दार लावलं. "लिहा बाई. मीही लिहून देतो. दोन्हींबद्दल."

मनगटाला प्लास्टर पडलं. बाईंच्या केसांची वेणी नवरा घालू लागला, तीही अशी की, शेजारीण बघून हसायची. रोज सकाळी वेणी घालता घालता तो समजावायचा, "अगं, बायकापोरं असलेला माणूस आहे. कशाला त्याच्या पोटावर पाय देतेस? पोरगं जिवंत आहे ना?" महाविद्यालयाच्या प्राचार्यांनीही फोन केला. घाईत पाय घसरून हात मोडला, एवढंच लिहिलं तर नाही का चालणार? शाळेने पुढच्या वर्षी सराव पाठांना वर्ग दिले नाहीत, तर काय करायचं?

बाईंनी डाव्या हाताने, लहान पोरासारख्या मोठ्या वाकड्या अक्षरांत, सगळं लिहिलं. कर्कटकही लिहिलं, उघडे तळवेही लिहिले, बापाच्या लाथाही लिहिल्या. आपल्याच तोंडचा 'मुठीत' हा शब्दही लिहिला. शेवटी लिहिलं: 'अनुत्तीर्ण. या व्यक्तीकडे मुले सोपवू नयेत.' ते वाक्य लिहून झाल्यावर त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. नवऱ्याने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

जेलरने दिलेला शब्द पाळला. त्याने पोलिसांत जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या. तुरुंगातलं जुनं प्रकरण उघडलं आणि त्याला अटक झाली. ज्या दारांबाहेर तो पहारा द्यायचा, त्यांच्या आत गेला. ज्या साहेबांनी पाठ थोपटली होती, ते तोवर सुखाने निवृत्त झाले होते.

प्लास्टर निघाल्यावर बाई त्याच शाळेत दुसऱ्या एका छात्राध्यापिकेचा पाठ बघायला गेल्या. व्हरांड्यात लंबू समोर आला. शाळेने महिनाभर घरी बसवून त्याला परत घेतलं होतं. बटाट्या आता दुसऱ्या तुकडीत होता.

"बाई, ते सर येणार नाहीत?" त्याचा आवाज घोगरा झाला होता.

"नाही. त्यांनी तुझा जीवच घेतला असता. तू जे केलंस ते वाईटच होतं. पण हात रिकामे झाल्यावर त्यांनी जे केलं, त्याला माफी नाही."

"माहीत आहे." तो भिंतीचा रंग नखाने खरवडत म्हणाला, "पण त्या दिवसापर्यंत त्यांनी कुणावर हात उचलला नव्हता. बाकीचे सर तर उठताबसता मारतात."

बाईंनी विचारलं, "आणि बाबा?"

"मारतात. पण डॉक्टरांनी सांगितलंय ना, गळ्याला लागता कामा नये. म्हणून पाठीवर मारतात."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं, जसं कोणी बसची वेळ सांगावी. बाईंनी त्याचा शर्ट मागून थोडा वर उचलला, पाहिलं, आणि हलकेच खाली सोडला. वर्गात छात्राध्यापिका खडू घेऊन त्यांची वाट बघत होती. बाईंनी तिला हातानेच थांबायला सांगितलं, लंबूचं मनगट धरलं आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

"याच्या वडिलांना बोलावून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि याची पाठ बघायला डॉक्टरही बोलवा."

"मॅडम, आज? आत्ता? तुमचा पाठ आहे ना?"

बाईंनी खुर्ची ओढली, लंबूला शेजारी बसवलं आणि पिशवी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आत्ता. मी थांबते."