डावा कोपरा

दमयंती कोळी मुख्य प्रशिक्षक झाली त्या पहिल्याच संध्याकाळी तिने फेकलेला चेंडू गटारात गेला.

नवीन पनवेलमधल्या क्लबच्या बास्केटबॉल कोर्टाला लागून, डाव्या कोपऱ्याच्या पलीकडे, उघडं गटार आहे. मुलींना एक चाल करून दाखवायची म्हणून दमयंतीने चेंडू घेतला, उजवीकडे जात दोन टप्पे दिले आणि नजर उजवीकडेच ठेवून चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकला. पास अचूक होता. छातीच्या उंचीला, रेषेच्या एक पाऊल आत. तिच्या खेळायच्या दिवसांत तिथे शांती उभी असायची. शांतीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मुली हसल्या.

"मॅडम, तिथे कुणीच नव्हतं," अल्फिया म्हणाली. ती संघाची कप्तान, चेंडू पुढे नेणारी गार्ड.

"तिथे कुणीतरी पाहिजे," दमयंती म्हणाली. एक उंच मुलगी गटारातून चेंडू काढून तो नळाखाली धूत होती. दमयंतीने तिच्याकडे पाहिलं. "रिया, तू उभी राहा तिथे."

रिया शांतीची मुलगी.

दमयंती आणि शांती उरणच्या खाडीकाठी एकाच आळीत वाढल्या होत्या. खेळाडूंच्या कोट्यातून दोघी एकाच सरकारी खात्यात लागल्या. नोकरी म्हणजे खेळणंच होतं. सकाळी हजेरीची सही, दुपारपासून कोर्ट, आणि हंगामात महिनोन्महिने दौरे. त्या काळात हा पास त्यांची ओळख झाला होता. चेंडू कोपऱ्यात पोचायला सेकंदसुद्धा लागत नाही. तेवढ्या वेळात तो सुटलेला पाहून तिथे पोचणं कुणालाच शक्य नाही. याचा अर्थ दमयंतीच्या हातातून चेंडू सुटण्याआधीच शांती निघालेली असायची. तिला कसं कळायचं, असं एकदा नव्या मुलींनी विचारलं, तेव्हा शांती म्हणाली, "हिचा डावा खांदा खाली येतो." दमयंतीने त्या रात्री हॉटेलच्या आरशासमोर उभं राहून पुन्हा पुन्हा पाहिलं. खांदा कुठेच खाली येत नव्हता.

शांती तेहतिसाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. सकाळी सरावाला आली होती, दुपारी डोकं दुखतंय म्हणाली. त्याच हंगामात दमयंतीच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशन झालं, खात्याने तिला खिडकीजवळचं टेबल दिलं, आणि पनवेलच्या क्लबने मुलींच्या संघासाठी विचारेपर्यंत ती त्या टेबलाशी बसून राहिली.

खेळणं सोपं होतं, हे तिला शिकवायला लागल्यावर समजलं. तिच्या हाताला जे माहीत होतं ते तोंडाने सांगता येत नव्हतं. ती अर्ध्यावर शब्द सोडून चेंडूच मागायची. सामन्यात तिचा पाय बाकासमोरची रेषा ओलांडून आत जायचा आणि पंच शिट्टी वाजवून तिला मागे ढकलायचे.

"मॅडम, पुढच्या वेळी तुम्हाला दोरीने बांधून ठेवतो," शकीलसर म्हणायचे. ते जवळच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत आणि क्लबमध्ये सहप्रशिक्षक होते. जन्म पनवेलचा, जीभ तिखट.

एकदा सराव संपल्यावर ते तिच्याजवळ येऊन बसले.

"एक बोलू? रागवायचं नाही."

"बोला ना."

"ती रिया. माशाल्लाह, दरवाजात वाकून यावं लागेल इतकी वाढलीय. तिला रिंगखाली घाला. कोपऱ्यात कशाला उभी करताय, शोभेला?"

"तिचं शूटिंग सुधारतंय."

"सुधारतंय तर. तिला नातवंडं होतील तोवर मस्त होईल."

दमयंतीला हसू आलं. "सर, ही चाल मी आयुष्यभर खेळलेय. ती चालते."

"तुम्ही खेळलात. तुमच्यासोबत कोण होतं, तेही मला माहितेय." ते उठले आणि चेंडू जाळीत भरायला लागले.

ते चूक बोलत नव्हते. रियाची अंगकाठी वडिलांची होती, खांदे रुंद आणि हात मोठे. रिंगखालच्या गर्दीत उसळणारा चेंडू ती न धडपडता काढून आणायची. लांबून टाकलेला तिचा चेंडू मात्र बहुतेक वेळा कडीवर आपटून परत यायचा. ती शांतीसारखी डावखुरीसुद्धा नव्हती. पण कोपऱ्यात उभी राहिली की गुडघे किंचित वाकवून, दोन्ही तळवे चेंडूसाठी उघडे ठेवून ती जशी वाट बघायची, ते थेट शांतीचं होतं. दमयंतीला कोर्टाच्या दुसऱ्या टोकावरूनही ते दिसायचं.

रियाला राज्याच्या सोळा वर्षांखालच्या शिबिरात जायचं होतं. वयामुळे ही तिची शेवटची संधी होती. आईची महाराष्ट्राची जर्सी घरात कपाटात होती. कुणी ती घाल म्हटलं की रिया म्हणायची, "ती आईची आहे. मी माझी आणीन." निवड जिल्हा स्पर्धेतून होणार होती.

रियाचे वडील जीवन बंदरावर क्रेन चालवायचे आणि रोडपालीला राहायचे. सुटीच्या दिवशी सरावाला यायचे. बाकीचे पालक सावलीत, चहाच्या टपरीच्या बाजूला बसत. जीवन एकटे डाव्या कोपऱ्याशी, उन्हात.

"भावोजी, तिकडे उन्हात कशाला बसता?" दमयंतीने एकदा विचारलं होतं.

"मना हितं बरं वाटतं," एवढंच ते म्हणाले होते.

जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना कळंबोलीतल्या एका शाळेच्या मैदानावर झाला. मांडवात राज्य संघाचे दोन निवडकर्ते बसले होते. पहिल्या अर्ध्यात अल्फियाने पास फार सुंदर दिले. रियाने कोपऱ्यातून चेंडू टाकले आणि ते परत आले. थोड्या वेळाने समोरच्या संघाने तिच्यावर पहारा ठेवणंच सोडून दिलं. निवडकर्त्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघांनी दुसऱ्या मुलींकडे बघायला सुरुवात केली.

मध्यांतरात शकीलसर दमयंतीला बाजूला घेऊन गेले. आता ते थट्टा करत नव्हते.

"अजून वेळ आहे. तिला रिंगखाली आणा. एक शब्द बोलायचाय फक्त. पोरीचं वर्ष जाईल, मॅडम."

मध्यांतरानंतर संघ बाजू बदलतात. डावा कोपरा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, बरोबर समोरच्या बाजूला जातो. शकीलसरांच्या खांद्यावरून दमयंतीला जीवन दिसले. त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली होती. मैदानाला वळसा घालून ते पलीकडच्या डाव्या कोपऱ्याशी गेले, खुर्ची ठेवली, आणि कोपऱ्याकडे तोंड करून बसले. तिथे अजून कुणी आलं नव्हतं.

"मॅडम?" शकीलसर म्हणाले.

मुली पाण्याच्या बाटल्या घेऊन तिच्याभोवती उभ्या होत्या. रिया तिच्याकडे बघत होती.

"तीच चाल," दमयंती म्हणाली.

शेवटच्या क्षणी संघ एका गुणाने मागे होता. अल्फियाने उजवीकडे जात दोन टप्पे दिले, नजर उजवीकडेच ठेवली आणि चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकला. पास अगदी दमयंतीने शिकवल्यासारखा होता. पण रिया कोपऱ्यात नव्हती. ती रिंगखाली होती, दोन मुलींना पाठीने अडवून, हात वर करून, चेंडू मागत. चेंडू मोकळ्या कोपऱ्यातून रेषेबाहेर गेला आणि जीवनच्या पायाशी जाऊन थांबला. त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला. भोंगा वाजला.

शिबिरासाठी अल्फियाची निवड झाली. रियाची झाली नाही.

दमयंती निवडकर्त्यांकडे गेली. "उंची छान आहे," त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "पण शूटिंग नाही. आणि ऐन वेळी जागा सोडली."

"जागा मी चुकीची दिली होती. ती रिंगखालची खेळाडू आहे."

"मग रिंगखाली का नाही दाखवलीत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

रिया नळावर तोंड धूत होती. दमयंती जवळ गेली तशी तिने नळ बंद केला.

"सॉरी, मॅडम. जागा सोडली मी."

"का सोडलीस?"

"आत रिकामं दिसलं. पाय आपोआप गेले."

"बरोबर गेले." दमयंती म्हणाली. "तिकडे कोपऱ्यात तुझं जमत नव्हतं. एकदा तरी बोलायचंस ना मला."

रियाने जर्सीच्या टोकाला तोंड पुसलं. "पप्पा त्याच बाजूला बसतात," ती म्हणाली. मग कोर्टावर कधीच म्हणत नसे ते नाव तिने घेतलं. "आणि मावशी, तूपण तिकडेच बघतेस. सामना चालू असताना, चेंडू दुसरीकडे असतानासुद्धा. मी उभी असले की तुम्हाला दोघांना बरं वाटतं ना. म्हटलं, राहू दे."

तिने बॅग खांद्याला लावली. फाटकाशी जीवन थांबले होते. बाप-लेक रिक्षा शोधत रस्त्याला लागले. जीवनने तिची बॅग मागितली, तिने दिली नाही.

दमयंतीला तिच्याशी खूप बोलायचं होतं. पुढचे कितीतरी दिवस ते बोलणं झालं नाही.

सराव पुन्हा सुरू झाला तेव्हा दमयंतीने चाल बदलली. रियाला रिंगखाली उभं केलं. तिथे कसं खेळायचं ते दमयंतीला स्वतःलाच नीट येत नव्हतं. ती जन्मभर गार्ड होती. म्हणून तिने शकीलसरांना पुढे केलं आणि स्वतः बाकासमोरच्या रेषेमागे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मग कोपऱ्यात कोण?" अल्फियाने विचारलं.

"कुणी नाही."

"रिकामाच ठेवायचा?"

"हो."

जीवन त्या दिवशी आले होते. ते नेहमीच्या जागी, गटाराच्या कडेला, उन्हात बसले होते. त्यांच्यासमोर रिकामं काँक्रीट होतं आणि ते त्याच्याकडे बघत होते. दमयंतीनेही पाहिलं. तिची नजर सवयीने तिकडेच गेली होती.

रिंगखाली गर्दी झाली. कुणाचा तरी चुकलेला चेंडू वर उडाला, आणि तो कुणी कसा पकडला हे दमयंतीला दिसलं नाही. जाळीतून चेंडू खाली पडल्याचा आवाज आला, मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि शकीलसर म्हणाले, "बघा. आता कशी."

जीवनने मान वळवली, पण तोवर रिया पाठमोरी होऊन परत धावायला लागली होती.