न झिजलेला हत्ती

चष्मेवाल्याने बुद्धिबळाच्या पटाशेजारी आडवा पडलेला हत्ती उचलला आणि वकिलाच्या बाजूच्या रिकाम्या कोपऱ्यात उभा केला.

"आज हाही खेळेल," तो म्हणाला.

वकील त्याचा थोरला साडू. शहराच्या स्पर्धांत कप मिळवणारा माणूस. सासऱ्यांकडे सगळे जमले की दोघांचा एक डाव व्हायचाच, आणि दर वेळी वकील मांडतानाच आपला एक हत्ती बाजूला काढून ठेवायचा. लहान भावाला ताटातली फोड द्यावी तसा. बाकीच्या सोंगट्यांच्या बुडाचं हिरवं कापड झिजून गेलं होतं, या हत्तीचं मात्र नव्यासारखं होतं.

मागच्या खेपेला चष्मेवाला जिंकला होता. घरभर सांगत सुटला. वकिलाने तो हत्ती उचलून त्याच्यापुढे ठेवला, आणि सगळे खो खो हसले. चष्मेवालाही हसला. ते हसू त्याला महिनोन्महिने टोचत राहिलं.

"अरे, राहू दे ना. तुलाच जड जाईल," वकील म्हणाला.

"जाऊ दे जड."

दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो काउंटरखाली छोटा पट मांडून बसायचा. जिंकायला शिकायचं वय गेलं, हे त्याला ठाऊक होतं. न हरायला शिकता येतं का, एवढंच तो पाहत होता. बायको म्हणायची, काचा घासायच्या सोडून लाकडं काय घासताय.

डाव सुरू झाला आणि वकिलाने त्याला हळूहळू आवळत आणलं. आधी एक प्यादं गेलं, मग दुसरं. ज्या हत्तीला त्याने मानाने बोलावलं होतं, त्यानेच घरात घुसून धुमाकूळ घातला. मोठ्या मिनतवारीने चष्मेवाल्याने आपला हत्ती देऊन तो मारला, तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

आतून थोरल्या मेहुणीची हाक आली. पानं वाढली होती.

वकिलाने घड्याळ पाहिलं. "चल, बरोबरी करून टाकू. छान खेळलास."

बरोबरी! याच एका शब्दासाठी तो काउंटरखाली वाकून वाकून मान धरून बसला होता. हात पुढे करायचा अवकाश. त्याने पटाकडे पाहिलं. वकिलाकडे एक उंट आणि दोन प्यादी, त्याच्याकडे एकटा घोडा. हा डाव वकील जिंकणार, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे ही बरोबरीही त्या हत्तीसारखीच, कडेला काढून ठेवलेली.

"नको," तो म्हणाला. "खेळू या."

"अहो, घ्या की!" दारातून बायको म्हणाली. "एवढं म्हणतायत तर."

"तुम्ही बसा जेवायला."

वकिलाच्या भुवया वर गेल्या. "मग रडू नकोस हं," असं म्हणून तो भराभर चाली करू लागला. प्यादी पुढे सरकली. चष्मेवाल्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले, घाईने काही उचललं जाऊ नये म्हणून. मग एक हात काढला आणि घोड्याने मधलं प्यादं मारलं. घोडा फुकट जात होता.

"अरेरे," म्हणत वकिलाने तो उचलला.

चष्मेवाल्याचा राजा वरच्या कोपऱ्याकडे निघाला. वकिलाचं उरलेलं एकुलतं प्यादं काठाने चढत होतं, आणि त्याच कोपऱ्यात पोचून ते वजीर व्हायचं होतं. पण कोपऱ्याचं घर पांढरं, आणि वकिलाचा उंट काळ्या घरांवरून चालणारा. तिथून राजाला हुसकावणं त्याच्या हातात नव्हतं. राजा कोपऱ्यात जाऊन बसला.

वकिलाचा हात अर्ध्या वाटेत थांबला. पुढची चाल करायला त्याला बराच वेळ लागला. त्याने उंट इकडून नेला, तिकडून आणला. आतून दोनदा हाक आली, त्याने ओ दिली नाही. शेवटी प्यादं कोपऱ्याच्या तोंडाशी नेलं. राजाला शह नव्हता, आणि हलायला घरही नव्हतं. डाव तिथेच बरोबरीत संपला.

"कोण जिंकलं रे?" आतून सासऱ्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," चष्मेवाला म्हणाला. जिंकला होता त्या दिवशीही त्याला इतका आनंद झाला नव्हता. तो छातीत मावेना, म्हणून उगाच चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसला.

"कुणीच नाही म्हणजे? इतका वेळ केलंत काय मग?"

बायको हसली. वकील हसला नाही. एरवी डाव संपला की सगळ्यांच्या आधी हात धुवायला उठायचा तो. चष्मेवाला दुसरा डाव मागायचा, तेव्हा वकिलाचं उत्तर ठरलेलं असायचं, आधी जेवण. आज तो मांडी मोडेना. मारलेल्या सोंगट्यांच्या ढिगात त्याने बोटं फिरवली, हिरव्या बुडाचा हत्ती शोधून काढला आणि तोच सगळ्यात आधी आपल्या कोपऱ्यात उभा केला.

"परत लाव," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

चष्मेवाल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सावकाश उठून उभा राहिला.

"आधी जेवून घ्या, साडूभाऊ," तो म्हणाला. "मी कुठे पळून जातोय?"