मऊ ब्रश कोणता

बोटांना काही कळेनासं झालंय, हे मार्त्सेलेनं फक्त मुलाला सांगितलं होतं. डोळे मधुमेहानं आधीच नेले होते, उजेड तेवढा दिसायचा. पण वारेना गावाकडच्या आमच्या पाइनच्या जंगलात आंधळ्या बाईलाही सप्टेंबरात काम असतं. टोपली पुढ्यात ठेवली की ती एकेक अळंबं उचलायची आणि त्याच्यावरची माती, पाइनच्या सुया ब्रशनं झाडून काढायची. पाण्याचा थेंब लावू द्यायची नाही.

सून दांगुओले हिला सासूची खोली हवी होती. विल्नियस शहरातून सुट्टीला येणारी माणसं तळ्याच्या बाजूची खोली मागत, आणि तळ्याच्या बाजूला मार्त्सेलेची खाट होती. वारेनातल्या वृद्धाश्रमात जागा विचारून झाली होती. अडकलं होतं ते नवऱ्याच्या, रिमविदासच्या, एका वाक्यावर. "आई अजून हात चालवते गं," तो म्हणायचा, आणि बाहेर लाकडं फोडायला निघून जायचा.

मग एका शनिवारी दांगुओलेनं बाजारातून दोन ब्रश आणले. मुठी सारख्या, वजन सारखं. एकाचे केस बकरीचे, मऊ. दुसऱ्याचे डुकराचे, राठ. सासूचा झिजलेला ब्रश तिनं चुलीत टाकला, आणि पाहुण्यांसाठी आणलेली केशरी अळंबी टेबलावर ओतली. ही जात फार नाजूक. जरा ओरखडा गेला की नारिंगी चीक येतो आणि थोड्या वेळात जागा हिरवी पडते. असलं ताट कोणी पाहुण्यांपुढे ठेवत नाही.

"सासूबाई, नवे ब्रश आणलेत. दोन आहेत. तुम्हाला हवा तो घ्या," दांगुओले म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, ब्रश निवडला तिथंच निम्मं काम झालं?"

"जुना कुठाय माझा?"

"जळला. घ्या की! एवढी वर्षं साफ करताय, मऊ कुठला नि राठ कुठला हे काय मी सांगायचं? ते कळत नसेल तर मग घरात बसून करायचं तरी काय, तुम्हीच सांगा."

मार्त्सेलेनं दोन्ही ब्रश हातात घेतले. बोटं केसांवरून फिरवली, पुन्हा फिरवली. लाकडावरून फिरवल्यासारखंच लागलं. रिमविदास दाराशी बूट काढत होता, त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

"रिमा," तिनं उजव्या हातातला ब्रश वर केला. "हा मऊ आहे ना रे?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. दांगुओले हाताची घडी घालून उभी होती.

"हो आई," तो म्हणाला. "तोच मऊ."

म्हातारीनं ब्रश खाली आणता आणता गालावर टेकवला. गालाला अजून कळत होतं. केस काट्यांसारखे टोचले.

बोटांचं एकट्या रिमालाच ठाऊक होतं. वसंतात सौनाची वाफ घेऊन बाहेर बसलेली असताना तिनं त्याला सांगितलं होतं, आणि "कुणाला बोलू नकोस" असंही म्हटलं होतं. सुनेनं दोन ब्रश का आणले ते आता तिच्या ध्यानात आलं.

तिनं पहिलं अळंबं उचललं आणि राठ ब्रशनं जोर लावून घासलं. चीक मनगटावर ओघळला. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं.

"बघ, बघ काय करतेय!" दांगुओले नवऱ्याला म्हणाली. एखाददुसरं खराब झालं की सासूच्या हातातून काम काढून घ्यायचं, एवढाच तिचा बेत होता. पण मार्त्सेलेनं ढीग कवेत ओढून घेतला. अळंब्यांच्या टोप्या फाटत होत्या, तुकडे जमिनीवर पडत होते.

"सासूबाई, पुरे! संध्याकाळी माणसं जेवायला यायचीत!"

"साफ करतेय ना."

"आई, थांब," रिमविदास पुढे आला. "खराब होतायत."

"खराब कशी होतील? मऊ आहे ना ब्रश? तूच सांगितलंस."

त्यानं तिचा हात धरला. तिनं झटकला, आणि टेबलावर एकही अळंबं धड उरलं नाही तेव्हाच ब्रश खाली ठेवला. हात कोपरापर्यंत नारिंगी झाले होते.

"माझी बॅग भर," ती सुनेला म्हणाली. "लोकरी मोजे वर ठेव."

दांगुओलेनं ते तुकडे डुकरांना घातले. पाहुण्यांना बटाटे आणि खारवलेलं मांस वाढलं. त्यांनी आवडीनं खाल्लं, आणि तळ्याकडची खोली बघून सबंध ऑक्टोबरसाठी मागितली.

रिमविदासनं दुसऱ्याच दिवशी वृद्धाश्रमात सोडायला आईला गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला. तिच्या नखांत चीक हिरवा होऊन वाळला होता. जंगल संपून डांबरी रस्ता लागला तेव्हा तो म्हणाला, "थंडीपुरतंच आहे गं आई. वसंतात न्यायला येतो."

मार्त्सेलेनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"ब्रशासारखंच सांगतोयस का हेही?"

त्यानं रेडिओ लावला. वारेना येईपर्यंत तो बंद केला नाही.