जेवणानंतर, अर्धा पेला

कोंब अकरा मिलिमीटर वर आला होता. त्याने व्हर्नियर कॅलिपरचे जबडे उघडून पुन्हा अलगद मिटवले. अकराच. काल नऊ होता. चष्म्याच्या काचा घासण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, केसाएवढा फरकही त्याच्या बोटांना कळत असे. पण या कोंबाच्या बाबतीत तो बोटांवर विसंबायला तयार नव्हता. हायसिंथचा कंद दहा आठवडे जिन्याखालच्या थंड, अंधाऱ्या कपाटात होता आणि आज पहिल्यांदाच खिडकीत आला होता. कोंबाचं टोक अजून धड हिरवंही झालं नव्हतं.

"एवढं मोजतोच आहेस तर मलाही मोज," स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली. "माझीही बरीच वाढ झालीय या वर्षात."

"चिमे, पाणी द्यायचंय त्याला. जेवणं झाली ना?"

"आपली झाली. त्याचं मला माहीत नाही."

चिमी पंचावन्न वर्षांची होती आणि इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसत असे. तिथे तिला सगळे 'मॅडम' म्हणत. घरात ती चिमीच राहिली होती, कारण तिला त्या नावाने हाक मारणारा माणूस एकच उरला होता.

जेवणाची भानगड अशी होती की कंद औषधाच्या पाकिटातून आला होता. पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र असे चौकोन छापलेले होते. त्यातल्या 'रात्र'वर खूण होती, पुढे बारीक, सरळ अक्षरात 'अर्धा पेला पाणी' लिहिलं होतं आणि खाली छापलेलं 'जेवणानंतर' खोडायचं राहून गेलं होतं. तो सूचना पाळणारा माणूस. रोज रात्री जेवण उरकलं, हात धुतले, की अर्धा पेला पाणी घेऊन कुंडीपाशी जाई.

पाकीट कोणी दिलं हे चिमीने विचारलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं.

पाकीट कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनी दिलं होतं. त्या एकट्या होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, आणि गोळ्यांची पट्टी कापताना कात्री कधी वाकडी जाऊ देत नसत. त्याला पहिल्यांदा आवडली ती कात्री. नंतर बाकीचं. दुकान बंद करताना शटर ओढायला तो मदत करू लागला, आणि एका संध्याकाळी शटर अर्ध्यावर असतानाच दोघांचं ठरलं. आता फक्त चिमीला सांगायचं होतं. त्यालाही सात महिने झाले होते.

"फूल येऊ द्या," तो बाईंना म्हणाला होता. "घर कसं प्रसन्न असेल. तेव्हा सांगतो."

फूल आलं. निळं, भरगच्च, एका दांड्यावर एकतीस पाकळीदार घंटा. त्या त्याने दोनदा मोजल्या. वास इतका, की जिना चढतानाच कळे आपलं घर कुठलं ते. चिमीने एक्स्चेंजवरच्या दोघींना मुद्दाम घरी बोलावून फूल दाखवलं. त्या गेल्यावर ती कुंडीसमोर पाय पसरून बसली. चेहरा अगदी निवांत होता. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

"चिमे, एक सांगायचं होतं."

"सांग की."

त्याने घसा साफ केला. "वास जरा जास्तच आहे, नाही?"

"तेवढ्यासाठी घसा साफ केलास? घे, खोकल्याची गोळी घे." तिने मागे हात नेऊन खण ओढला. खणात गोळ्यांचे अठरा डबे होते, सतरा न उघडलेले. "बघ बाबा, यातला कुठला चालतोय."

दोन आठवड्यांत फूल मान टाकू लागलं. त्याने दांडा बुडाशी कापला आणि पानं राहू दिली. फूल गेलं तरी कंदाचं पोट पानंच भरतात. पुढच्या फुलाची शिदोरी तिथूनच येते.

"आत्ता घर जरा उदास आहे," तो बाईंना म्हणाला. "पानं पिवळी पडू द्या. मग सांगतो."

बाई शिक्का मारत होत्या. तो बिलावर नीट उमटेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

"कंद दहा आठवडे कपाटात ठेवतात, कारण त्याला ते लागतं," त्या म्हणाल्या. "मला लागत नाही."

"बाई, तसं नाही—"

"आजपासून गोळ्या मिळणार नाहीत तुम्हाला. खोकून दाखवा, मग देईन."

त्याने खोकून पाहिलं. जमलं नाही. मागे रांगेत उभे असलेले गृहस्थ मात्र हसले.

घरी येताना तो नेहमीच्या दुप्पट वेळ चालला. बावीस वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा शेवटचा पाहुणा बाहेर पडल्यावर चिमीने दाराला कडी लावली होती आणि म्हणाली होती, "आता आपण दोघंच." त्यानंतर तिच्यासाठी आलेली दोन स्थळं तिने चहा संपायच्या आत परत पाठवली. त्यातलं एक तरी, तो एकटा पडेल या काळजीने तर परत गेलं नसेल, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. चिमीकडे उत्तरं तयार असत. आणि आता आपण उठून जायचं, आणि ती कडी तिने एकटीने लावायची. बाईंना गमावायचं नव्हतं. चिमीला तोंड कसं दाखवायचं ते कळत नव्हतं.

पानं कडेने पिवळी झाली, मग पूर्ण, मग कागदासारखी वाजू लागली.

रविवारी सकाळी चिमीने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. सालीने बोटं खाजतात म्हणून तिने इस्पितळातले पातळ हातमोजे चढवले आणि कुंडी उपडी केली. कोरडी माती भसकन सांडली. कंद तिने दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याने माती झटकली आणि खिडकीकडे धरला.

"अरे, पिल्लू झालंय याला."

मोठ्या कंदाच्या कुशीत लसणीच्या पाकळीएवढा एक कंद टेकून बसला होता.

"ओढू नकोस," तो घाईने म्हणाला. "ओढून काढलं तर दोघांनाही जखम होते, बाई म्हणत होत्या—"

तो थांबला. या घरात 'बाई' हा शब्द त्याने कधी उच्चारला नव्हता. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. चिमी कंदाकडेच बघत होती.

"बरोबर म्हणत होत्या," ती म्हणाली. "पण मी ओढलंच नाही. हे बघ, वेळ झाली तसं आपलं आपण सुटलं." पिल्लू तिच्या तळव्यात आलं होतं. "हे मला राहू दे. गॅलरीतल्या कुंडीत मावेल. मोठ्याला मात्र कुंडी पुरायची नाही. त्याला जमीन हवी."

"जमीन कुठली आणायची आपण?"

"त्या दुकानामागे आहे की. भिंतीला लागून, दुपारपर्यंत ऊन येतं. बघून आलेय मी."

"कधी?"

"गेल्या मंगळवारी. बँडेज आणायला गेले होते."

"काय लागलं होतं?"

"काही नाही."

तो खाली बसला. बसताना टेकलेल्या बोटांना सांडलेली माती लागली, ती पुसायला त्याने वर्तमानपत्राचा कोपरा फाडला आणि पुसायची सोडून त्याची घडी घालत राहिला.

"तू एकटी पडशील, चिमे."

"दिवसाचे आठ तास माणसं माझ्या कानात बोलत असतात. घरी कोणी बोललं नाही तर मी काय रडत बसणार आहे?" तिने मोजे काढले, एकात एक घातले. "रविवारी जेवायला या दोघं. आणि हे बघ, सगळं मीच बोलायचं का? तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे."

त्याने घडी खाली ठेवली.

"मी लग्न करतोय," तो म्हणाला. "औषधाच्या दुकानातल्या बाईंशी." आणि नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, जरा मोठ्या आवाजात, त्याने ते पुन्हा एकदा सांगितलं.