उंच कडांची सीट

शेवटी सासरे त्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. हे आधीच सांगून टाकलं, कारण नंतर सांगायचा धीर होईलसं वाटत नाही. आता हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू. शनिवारची दुपार आहे, कारकून सीटवाल्याच्या दुकानात शिरतोय आणि काहीही बिघडलेलं नाही.

"बसा की," सीटवाला म्हणाला.

दुकानात चौदा सीट होत्या आणि खुर्ची एकही नव्हती. कारकून लाल शिलाईच्या एका काळ्या सीटमध्ये बसला. सीट जमिनीवर मांडलेली, त्यामुळे त्याचे गुडघे कानांशी आले. पण दोन्ही बाजूंच्या उंच कडांनी त्याला असं काही धरलं, की एवढ्या खात्रीने त्याला आजवर कुणी धरलं नव्हतं. बायकोनेसुद्धा.

"गाडी पळवता कुठं?"

"पळवत नाही. घर ते ऑफिस. सहा किलोमीटर, पाच सिग्नल."

"वळणं?"

"एक आहे. तिथं गतिरोधक आहे."

सीटवाला हसला नाही. गिऱ्हाईकाला हसलं की ते नुसतं कव्हर घेऊन जातं, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

"मग माझं ऐका. रस्त्यावरच्या गाडीला ही बुटक्या कडांची घ्या. पाठ मागं-पुढं होते, चढता-उतरताना त्रास नाही. तुम्ही बसलात ती शर्यतीची. दिसायला झकास, पण पाठ जागची हलत नाही, आणि कड ओलांडायची म्हणजे रोज कुंपणावरून उडी मारल्यासारखं. तुम्ही माराल हो. शेजारी कोण बसतं?"

इथे थोडं थांबावं लागेल.

गाडी मुळात सासऱ्यांची. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही दोन दारांची छोटी गाडी हौसेने घेतली, आणि उजव्या गुडघ्याने दगा दिल्यावर लेकीच्या नवऱ्याला देऊन टाकली. गाडी दिली, चालवणं मात्र दिलं नाही. दर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते शेजारी बसत आणि म्हणत, "क्लच... क्लच... हं, आता." त्यांच्या पायाखालच्या कार्पेटला, जिथे ब्रेक नव्हता नेमका तिथे, दाबून दाबून भोक पडलं होतं. आठ वर्षांत एकाही रविवारी कारकुनाने ती गाडी एकट्याने थांबवली नव्हती. दोघांनी मिळून थांबवली होती.

कारकून पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसे. दिवसभर लोक त्याच्यावर असे ओरडत, जणू शहराचं पाणी त्यानेच पिऊन टाकलंय. जगात एक जागा अशी असावी जिथे आपल्याला कुणी काही सांगत नाही, एवढीच त्याची मागणी होती. त्याच्या डोळ्यांपुढे तो गुडघा उभा राहिला. राखाडी पँटीतला, वाकताना गंजलेल्या बिजागरीसारखा वाजणारा. अगदी स्पष्ट दिसला.

"कुणी नाही," कारकून म्हणाला.

"मग प्रश्नच मिटला," म्हणत सीटवाल्याने टेप काढली आणि त्याच्या कमरेचं माप घेतलं. पुढच्या दोन्ही जागी शर्यतीच्या सीट बसवल्या. जुन्या त्याने बदल्यात ठेवून घेतल्या आणि कारकुनाच्या देखतच फाडायला घेतल्या.

रविवारी सासरे आले. काचेतून आत डोकावले आणि म्हणाले, "अरे वा! विमानच की!" मग दार उघडून आत शिरू लागले. आधी पाय घालून पाहिला. गुडघा कडेवर अडला. मग बूड आधी टेकवून पाहिलं. बूड गेलं, पाय रस्त्यावरच राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही एकदम केलं. त्याला पडणं म्हणतात. कारकुनाने त्यांना काखेत धरून उभं केलं.

"मागं बसतो, त्यात काय!"

मागे जायचं तर पुढच्या सीटची पाठ दुमडायला हवी. सासऱ्यांनी खटका शोधला. वर शोधला, खाली शोधला, सीटच्या मागे हात घालून शोधला. तो नाही हे कारकुनाला माहीत होतं. तरी तोही वाकून त्यांच्याबरोबर शोधत राहिला.

"राहू द्या जावईबापू," सासरे कपाळ पुसत म्हणाले. "सीट एक नंबर आहे. माझाच गुडघा नालायक."

घरी बायकोने विचारलं, "सीट घेताना बाबांचा विचार आला नाही का रे तुझ्या डोक्यात?"

"विसरलो."

"तुझं आपलं नेहमीचंच," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली. तिने विश्वास ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात माणसाला निदान आपली बाजू असते.

सोमवारी कारकून अर्ध्या दिवसाची रजा टाकून सीटवाल्याकडे गेला. "डाव्या बाजूला ती बुटक्या कडांची बसवून द्या. आजच."

"देतो की. अहो, तुमचे सासरे येऊन गेले सकाळी! आधी सांगायचं नाही का? डेपोतल्या बसच्या सीट मी शिवायचो, तेव्हाची ओळख आमची. म्हणाले, जावयानं सीट बसवल्यात, काम बघून हात ओळखला. मी म्हटलं, बाबा, मी त्यांना बुटकीच घ्या म्हणत होतो, पण ते म्हणाले शेजारी कुणी बसत नाही."

कारकुनाने टेकायला काहीतरी शोधलं. सगळीकडे सीटच होत्या.

"मग? काय म्हणाले ते?"

"म्हणाले, बरोबर आहे, कुणी नाही बसत." सीटवाल्याने पाना उचलला. "पाणी प्यायले आणि गेले चालत."

पुढच्या रविवारी सासरे ठरल्या वेळी आले, पण पायात कापडी बूट होते. नवी सीट पाहिली, बसल्यावर मांडी येते तिथे हात फिरवला.

"ही सोयीची आहे. कुणी बसणार असेल तर छानच."

"बाबा, तुमच्यासाठीच बसवलीय."

"हो हो, दिसतंय ना. पण डॉक्टरनं चालायला सांगितलंय. रोज." आणि ते निघाले.

कारकुनाने गाडी काढली आणि फुटपाथच्या कडेने त्यांच्या चालीने चालवू लागला. डावी काच खाली केली. शर्यतीच्या सीटमध्ये घट्ट जखडलेला माणूस ताशी तीन किलोमीटर वेगाने निघाला होता.

"बसा ना बाबा. कोपऱ्यापर्यंत तरी."

"पुढं व्हा तुम्ही."

"माझं चुकलं. मी त्याला सांगताना—"

"जावईबापू," सासरे न थांबता, अगदी मायेने म्हणाले, "आरशात बघा. मागं बस खोळंबलीय."

खरंच खोळंबली होती. कारकुनाला पुढे जावं लागलं.

सीट बदलल्या की परवाना कार्यालयाला कळवावं लागतं. मंगळवारी कारकून खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभा राहिला. 'बदलाचे कारण' या रकान्यात त्याने 'स्वार्थ' लिहिलं, खोडलं, 'आराम' लिहिलं. मग खालच्या कोऱ्या जागेत, पाण्याच्या तक्रारींचे शेकडो अर्ज ज्या हाताने नामंजूर केले होते त्याच हाताने आणि त्याच वळणदार अक्षरात, त्याने लिहिलं:

'सबब नम्र विनंती की, सदर वाहनाच्या नोंदणी पुस्तकात आसनक्षमता "चालक एक, सासरे एक" अशी नमूद करण्यात यावी, आणि दुसरी जागा प्रत्यक्ष तपासणीत रिकामी आढळल्यास ती भरलेली आहे असे समजण्यात यावे.'